पहिल्या दोन नळ्या

पेद्रासोला, ९ फेब्रुवारी २०१३

अन्निका पोरी,

माझ्या नाताळच्या पत्राला तू सात आठवड्यांनी उत्तर दिलंस. तुरीनमध्ये शाई महाग झालेली दिसते. फोन करत जा म्हणतेस, पण फोनवर तू घाईत असतेस आणि मी निम्मं ऐकत नाही. तू शिकायला बेट सोडून समुद्रापार गेलीस तेव्हापासून, म्हणजे पंधरा वर्षं, तुला लिहितोय. आता ही खोड जायची नाही.

बातमी अशी की माझ्या रिमेदियाचं लग्न ठरलं. मुलगा बास्तियानु, ग्रॅनाइटच्या खाणीत काम करतो. इतकं कमी बोलतो की पहिल्या भेटीत मला वाटलं, पोरीने मुका शोधला. तारीख २१ सप्टेंबर. चार नाताळ तू चुकवलेस, त्याबद्दल मी काही बोललो नाही. लग्न चुकवलंस तर मात्र या घरात परत पाय ठेवू नकोस. तुझी आई गेल्यावर नऊ वर्षांची तू इथे आलीस, तेव्हा रिमेदिया जन्मलीही नव्हती. जन्मल्यापासून ती तुझ्याच कडेवर वाढली. हे मी तुला सांगायला नको.

दुसरं म्हणजे माझा डावा हात. नोव्हेंबरात कुंपणाची भिंत रचताना एक दगड हातातून सुटला. तेव्हा वाटलं, गारठ्याने असेल. आता शर्टाची बटणं लावताना नाकी नऊ येतात. अंगठ्याच्या बुडाशी मांस होतं तिथे खड्डा पडलाय, आणि दंडाच्या कातडीखाली सारखं काहीतरी फडफडतं. आपल्या डॉक्टरने ताकदीच्या गोळ्या दिल्यात. मेअखेरीस बुचाच्या ओक झाडांची साल काढायचा हंगाम सुरू होईल, तोवर हात ताळ्यावर यायला हवा. तू माणसांच्या नसांवरच काम करतेस म्हणून विचारतो, हे काय असेल?

माझ्या वडिलांचंही हातापासूनच सुरू झालं होतं. पण ते साठी ओलांडलेले होते आणि मी बावन्नचा. तेव्हा ते नसणार.

तुझा मामा,
पाउलिनु


तुरीन, २५ फेब्रुवारी २०१३

प्रिय मामा,

रिमेदियाची बातमी वाचून फार बरं वाटलं. लग्नाला मी नक्की येणार. रजेचा अर्ज आजच टाकला.

हाताचं म्हणाल तर मानेच्या मणक्यात नस दबली तरी असं होतं. तुमच्या कामात मान वर करून तासन् तास उभं राहावं लागतं, तेव्हा तेच असण्याचा संभव आहे. तरी एकदा सास्सारीच्या मोठ्या इस्पितळात नसांच्या डॉक्टरांना दाखवा. उशीर करू नका. आणि दाखवेपर्यंत कुऱ्हाडीला हात लावू नका.

आजोबांचा विचार करत बसू नका. इथे थंडी फार आहे. कामही फार आहे.

तुमची,
अन्निका


पेद्रासोला, १६ जून २०१३

अन्निका,

तुझं मणक्याचं पत्र मी खिशात घेऊन फिरलो. सास्सारीला गेलो नाही, कुऱ्हाडीला मात्र हात लावला. तू तेव्हाच ओळखलं असशील.

तुला माहीत आहे आमचं काम. वरची साल कापायची, पण तिच्या आतला थर, ज्याला आम्ही आई म्हणतो, त्याला पातं लागू द्यायचं नाही. आई शाबूत राहिली तर झाड दहा वर्षांनी पुन्हा साल देतं. तिला जखम झाली की ती जागा कायमची निबर होते. पातं कुठे थांबवायचं ते आवाजावरून कळतं आणि मनगटावरून. तीस हंगामांत माझ्या हातून दोनदा आई दुखावली, आणि दोन्ही वेळा त्या रात्री मी जेवलो नव्हतो.

मंगळवारी सकाळी न्याहारीच्या आत मी तीन झाडं जखमी केली. तिसऱ्या झाडातून रस गळायला लागला तेव्हा जोडीदाराने माझ्या हातातून कुऱ्हाड काढून घेतली. मुकादमाने मला पाण्याची कॅन आणायला पाठवलं, पोरसवदा नवख्याला पाठवतात तसं. ती उचलून आणताना मी दोनदा पडलो. आता उजवा हातही तसाच झालाय.

तू शिकलेली आहेस, आणि माझ्या घरात वाढलेली आहेस. मला गोड बोलून गप्प करू नकोस. वडिलांचं जे झालं तेच आहे का? असेल तर ते काय आहे? मला समजेल असं लिही. मी मूर्ख नाही.

पाउलिनु


तुरीन, २७ जून २०१३

मामा,

मणक्याचं मी लिहिलं ते खरं नव्हतं. मला माफ करा. न तपासता खात्रीने सांगता येत नाही, पण तेच असावं. त्याला एएलएस म्हणतात. हातापायांना हलायचा हुकूम देणाऱ्या नसांच्या पेशी एकेक करून मरत जातात. आपल्या बेटावर हा आजार इतर ठिकाणांपेक्षा जास्त आहे आणि पुष्कळ घरांत तो रक्तातून येतो.

तुम्ही म्हणालात समजेल असं लिही, म्हणून लिहिते. पेशीच्या मधोमध एक गाभा असतो. त्यात जनुकांची मूळ पोथी असते. ती कधी बाहेर जात नाही. तिच्यावरून कामापुरत्या नकला निघतात. या नकलांना आरएनए म्हणतात. नकलेत अधूनमधून निरर्थक मजकूर शिरू पाहतो. टीडीपी नावाचं एक प्रथिन त्या नकलेला धरून बसतं आणि भलतं काही आत येऊ देत नाही. आजारात ते प्रथिन गाभा सोडून बाहेर येतं. बाहेर त्याचे गोळे होतात. मग दोन्हीकडून नुकसान होतं, आत नकला चुकीच्या निघतात आणि बाहेर गोळे साचतात. मी आठ वर्षं हे गोळे भिंगाखाली बघतेय.

आपल्याकडे त्या प्रथिनाच्या जनुकातच एक अक्षर बदललेलं आहे, कित्येक पिढ्यांपासून. ते प्रथिन बाहेर का येतं हे आम्हाला थोडंफार कळलंय. परत आत कसं घालायचं हे कळलेलं नाही.

सास्सारीला जा. मी डॉक्टरांशी बोलून ठेवलंय.

अन्निका


पेद्रासोला, २० जुलै २०१३

अन्निका पोरी,

जाऊन आलो. सुया टोचल्या, झटके दिले, आणि एका तरुण डॉक्टरणीने माझा हात हातात घेऊन सांगितलं. तिचा हात गार होता. तुझं पत्र आधी आलं नसतं तर तिचं काही कळलं नसतं. तुझं प्रथिन मला समजलं. आमचा जुना मुकादमही असाच जंगल सोडून गुत्त्यात जाऊन बसायचा आणि इकडे माणसं भलतीच झाडं कापायची. फरक एवढाच की त्याला मी कॉलर धरून परत आणत असे.

औषध काय, असं मी विचारलं. तिने एक गोळी लिहून दिली, आणि ती आयुष्य काही महिने वाढवते असं म्हणाली. तू आत काम करतेस, तू सांग. याहून पुढचं काही येतंय का?

आता दोन गोष्टी. पहिली, रिमेदियाला काही कळता कामा नये. मी तिला मणक्याचंच सांगितलंय, तुझं पत्र दाखवून. बापाकडून मुलांना यायचा संभव निम्मा, असं डॉक्टरीणबाई म्हणाली. म्हणजे पोरगी लग्नाच्या वेदीपुढे उभी राहील तेव्हा तिच्या डोक्यात हेच असणार. लग्न होऊ दे. पुढचं पुढे.

दुसरी गोष्ट तुझी. तुझी आई माझी सख्खी बहीण होती. ती छत्तिसाव्या वर्षी न्यूमोनियाने गेली, त्यामुळे तिच्यात हे होतं की नाही कोणालाच कळलं नाही. म्हणजे तूही माझ्याच रांगेत उभी आहेस, आणि दिवसभर त्या गोळ्यांकडे बघत बसतेस. चार वर्षं तू घरी का आली नाहीस हे मला आता कळलं. आमच्याकडे बघायची तुला भीती वाटत होती. मी वेडा, तुला टोमणे मारत राहिलो. घाबरू नकोस पोरी. मी आहे तोवर तरी तू एकटी नाहीस.

पाउलिनु


तुरीन, ८ ऑक्टोबर २०१३

प्रिय मामा,

लग्नाहून परतून दोन आठवडे झाले, तरी अजून चित्त थाऱ्यावर नाही. रिमेदिया इतकी सुंदर दिसेल असं मला वाटलं नव्हतं. तुम्हाला पेला उचलता येईना तेव्हा बास्तियानुने काही न बोलता तो तुमच्या ओठांना लावला आणि मग स्वतःही त्याच पेल्यातून प्यायला, ते मी पाहिलं. पोरीने मुका शोधला नाही, चांगला माणूस शोधला.

पावाचे थर आणि चीज घालून केलेलं ते सूप मी तीन वेळा घेतलं. बोट सुटली तेव्हा समुद्र खवळलेला होता. इथे आल्यापासून रोज पाऊस आहे.

माझी काळजी करू नका. खरंच करू नका. तुम्ही ज्या मायेने लिहिता तिला मी पात्र नाही, एवढंच लिहिते.

तुमची,
अन्निका


पेद्रासोला, १० फेब्रुवारी २०१४

प्रिय अन्निका,

हे मी सांगतोय आणि रिमेदिया लिहितेय, कारण माझ्या हातात आता पेन राहत नाही. बोलणंही दारू प्यायल्यासारखं होतं, दारू मात्र मिळत नाही. बास्तियानुने खाटेला कप्पी बसवलीय, खाणीत दगड उचलतात तशी. त्या कप्पीने मला उचलून खुर्चीत ठेवतात. मी ग्रॅनाइटपेक्षा हलका आहे असं तो म्हणाला. वर्षभरातला त्याचा पहिला विनोद.

मी औषधाचं विचारलं होतं, तू पावसाचं लिहिलंस. समजलो.

आनंदाची बातमी अशी की मी आजा होणार.

मामा

ताई, हे खालचं मी माझं लिहितेय. बाबांना कळणार नाही, चष्मा मीच लावून देते.

मला सगळं माहीत आहे. लग्नाच्या आधीपासून माहीत होतं. आजोबांना पाहिलेल्या बायका गावात अजून आहेत, त्यांनी बाबांचा हात पाहूनच तोंडं फिरवली होती. बाबांना वाटतं मला मणक्याचं वाटतं. वाटू दे.

पाच वर्षांपूर्वी तू चर्चच्या सभागृहात बसून गावकऱ्यांचं रक्त घेतलं होतंस. लोक घाबरत होते म्हणून बाबा पहिले बसले आणि मी दुसरी. मग सगळे आले. निकाल कोणालाच सांगणार नाही, असं तू तेव्हा म्हणाली होतीस. पण निकाल निघाला असेल ना? माझ्या नळीत काय होतं?

मला दहावा आठवडा आहे. कायद्याने अजून दोन-अडीच आठवडे आहेत ठरवायला. नसेल तर मी बाळ ठेवेन. असेल तर काय करेन ते मला माहीत नाही. लवकर लिही.

रिमेदिया


तुरीन, १६ फेब्रुवारी २०१४

लाडक्या रिमेदिया,

तुझं अभिनंदन करते आणि तुला घट्ट मिठी मारते.

त्या नळ्यांवर नुसते आकडे होते, नावं नव्हती. कोणता आकडा कोणाचा ही यादी दुसऱ्याच खात्याकडे कुलूपबंद होती, आणि काम संपल्यावर ती नष्ट केली. त्यामुळे तुझ्या नळीत काय निघालं हे मला माहीत नाही, आणि आता कोणालाच कळणार नाही. तुला हवं असेल तर सास्सारीला नव्याने तपासून घेता येईल, पण त्याला महिने लागतात.

ज्याच्यात तो बदल आहे तो आजारी पडतोच असंही नाही. वेळेवर जेवत जा. जड उचलू नकोस.

तुझी,
ताई


पेद्रासोला, २८ सप्टेंबर २०१४

अन्निकाताईंना,

मी बास्तियानु. मामंजींना आता बोलता येत नाही. फळ्यावर अक्षरं लिहिली आहेत, मी बोट फिरवतो, ते पापणी मिटतात. या पत्राला चार दुपारी लागल्या. रिमेदिया बाळाला घेऊन गावात दाखवायला जाते तेव्हाच लिहायचं, असं त्यांनी सांगितलं. खाली आहे ते त्यांचं, मी काही घातलेलं नाही.

पोरी. मुलगी झाली. नाव तुझ्या आईचं. कादेरीना.

मी चुकीचं समजलो. तू भीत नव्हतीस. तू लाजत होतीस.

पहिली नळी माझी. दुसरी रिमेदियाची. आकडे तू लिहिलेस. माझ्यासमोर. तुला नावं कशाला.

लग्नात तू तिच्या हातांकडे बघत होतीस. सगळे तोंडाकडे बघत होते.

शेवटची नळी तुझी, दारातून पाहिलं. ती साफ निघाली. हेही कळलं. बरं झालं. मनापासून सांगतो.

गळ्याला भोक पाडून श्वासाची नळी घालतात. मी नको म्हटलं. सही बास्तियानुने हात धरून करवली. फार दिवस नाहीत.

मी गेलो की तिला सांग. तू सांग. मला जमलं नाही.

मामंजींचं एवढंच आहे. मी हे सगळं लिहिलं म्हणजे मलाही कळलं. मी तिला काही बोललेलो नाही. काय बोलू?

बास्तियानु


तुरीन, १२ नोव्हेंबर २०१४

रिमेदिया,

मामांच्या दफनाच्या दिवशी तू तीन वेळा माझ्याजवळ येऊन बसलीस आणि तिन्ही वेळा मी उठून गेले. तू समजलीस, मला रडू आवरत नाही. तसं नव्हतं.

फेब्रुवारीत मी तुला खोटं लिहिलं. यादी खरोखरच दुसरीकडे होती आणि ती खरोखरच नष्ट केली. पण पहिल्या नळीवर एक आणि दुसरीवर दोन मीच लिहिलं होतं. सगळे निघून गेल्यावर शेवटी मी माझंही रक्त घेतलं होतं. त्या हिवाळ्यात निकाल आले तेव्हा मी आकडे शोधायचे नव्हते. पण मी शोधले.

मामांमध्ये बदल होता. तुझ्यात आहे. माझ्यात नाही.

पाच वर्षं मी हे घेऊन फिरले. नाताळला आले असते तर तुमच्या दोघांच्या समोर बसून जेवावं लागलं असतं, म्हणून आले नाही. नियमाने सांगायची परवानगी नव्हती, हे खरं आहे. पण मी नियमासाठी गप्प बसले नाही. तू विचारलंस तेव्हा मी ते पत्र चार वेळा लिहिलं. तीन वेळा खरं लिहिलं होतं. मग तुला ते वाचताना डोळ्यापुढे आणलं आणि चौथं, खोटं, पेटीत टाकलं.

मामांनी मला सांगायला सांगितलं होतं. तसं नसतं तर मी हे आजही लिहिलं असतं का, मला ठाऊक नाही.

उपाय नाही. मी अजून रोज ते गोळे बघते. गेल्या वर्षभरात आम्ही एक गोष्ट नवी शोधली, आणि तिने कोणाचंही एक बोटसुद्धा हलणार नाही.

अन्निका


पेद्रासोला, ३ फेब्रुवारी २०१५

अन्निका,

तुझं पत्र आलं तेव्हा मी कादेरीनाला पाजत होते. बास्तियानुने पाकिटावरचं तुरीन वाचलं आणि तो अंगणात निघून गेला. तेव्हाच मला कळलं की आत काहीतरी आहे आणि ते त्याला माहीत आहे. सहा आठवडे तो गप्प राहिला. तो एरवीही गप्पच असतो, म्हणून मला संशय आला नाही. बाबांना माहीत होतं, तुला माहीत होतं, त्याला माहीत होतं. माझ्या रक्तात काय आहे हे मलाच तेवढं माहीत नव्हतं.

उत्तर द्यायला तीन महिने लागले, कारण तुला काय म्हणायचं हे मला ठरवता येईना. आधी खूप वाईट लिहिलं. ते जाळलं. मग कादेरीना पालथी पडायला शिकली. ती पालथी पडते, मान वर करते आणि माझ्याकडे बघून हसते. त्या दिवशी तू खरं लिहिलं असतंस तर मी दोन आठवड्यांच्या आत सास्सारीला गेले असते. मी स्वतःला ओळखते. मग ही नसती. म्हणून मला तुला शिव्या देता येत नाहीत. आणि तिच्यातही ते असायचा संभव निम्मा आहे, म्हणून मला तुला माफही करता येत नाही. रोज सकाळी तिचे हात धुताना मी दोन्हीचा प्रयत्न करून बघते.

सास्सारीला जाऊन पुन्हा तपासणार नाही. तू लिहिलंयस ते पुरे. दुसरं मूल नको असं आमचं ठरलं. बास्तियानुला चार हवी होती. तो ठीक आहे एवढंच म्हणाला आणि भिंत रचायला गेला. बाबांची अर्धवट राहिलेली भिंत नाही, दुसरीच, जिची काही गरज नव्हती.

बाबांना कुऱ्हाड जड झाली तेव्हा ते बावन्नचे होते. मला कधी होईल कोण जाणे. कपाची मूठ निसटली की मी हात उजेडात धरून अंगठ्याचं बूड दाबून बघते. काल चार वेळा बघितलं. चोवीस वर्षांची आहे मी.

आता ऐक. तिचं रक्त कोणी घ्यायचं नाही, तूही नाही. ती मोठी होईल आणि एक दिवस विचारेल. मी तेव्हा नसेन, किंवा असले तरी पापण्या मिटत असेन. बास्तियानुला सांगणं जमणार नाही. तेव्हा ती तुला विचारेल. आमच्या घरात सगळ्यांना पुरून उरणारी तूच आहेस. तिला पहिल्याच पत्रात खरं सांग. नियम सांगू नकोस, पावसाचं लिहू नकोस. आणि तिच्याही आत असेल तर बाबांच्या खाटेला जी कप्पी होती ती आम्ही जपून ठेवलीय, कुठे ते बास्तियानुला विचार.

एवढ्यात इकडे येऊ नकोस. मला तुझ्याकडे बघवणार नाही, आणि तू परत माझ्या हातांकडे बघशील.

लग्नात तू अंगणामागे जाऊन सिगारेट ओढत होतीस. ती सोड. तब्येत सांभाळ. तुला खूप वर्षं जगावं लागणार आहे.

रिमेदिया